दोन बंदुकांचा एक आवाज

कॉर्बी धार, वायमाते, न्यूझीलंड
११ मार्च १९६२

प्रिय एल्सी,

कामाशिवाय मी तुला पत्र लिहीत नाही, अशी तुझी तक्रार असते. खरी आहे. हेही कामाचंच पत्र आहे.

आपली मागची टेकडीची धार वॉलबींनी, त्या बुटक्या कांगारूंनी, खाऊन टाकली. तू लग्न होऊन टास्मानियाला गेलीस तेव्हा एखाद-दुसरी दिसायची आणि आई आपल्याला खिडकीशी बोलवायची, ‘बघा, पुढचे हात जोडून कशी उभी आहे, चर्चमधल्या म्हातारीसारखी.’ आता संध्याकाळी धारेच्या उन्हाच्या अंगाला गेलं तर टेकडीच धपधप करतेय असं वाटतं. कोवळं गवत मेंढ्यांच्या आधी त्या खातात, उरलेलं तुडवतात, आणि त्यांच्या लेंड्यांच्या वासाने मेंढी तिथे तोंड लावत नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्या गाभण मेंढ्यांच्या फासळ्या हाताला टोचत होत्या. रानडुकरं आहेत ती वेगळीच. ओढ्याकाठची जमीन त्यांनी नांगरून ठेवलीय. पण डुक्कर मारलं तर निदान चार घरं जेवतात.

दर शनिवारी मी आणि रावीरी बंदुका घेऊन वर जातो. रावीरी म्हणजे आपल्याकडे लोकर कातरायला यायचा त्या होनेचा मुलगा. तू गेलीस तेव्हा कुंपणावर चढून पेअर चोरायचा. आता खालच्या वळणावर राहतो. त्याचे कुत्रे आणि त्याची शिकार, यांवरच त्याचं घर चालतं. आम्ही कितीही मारल्या तरी पुढच्या शनिवारी तेवढ्याच असतात.

म्हणून आसपासच्या सगळ्या मेंढीवाल्यांनी मिळून ठरवलंय, या हिवाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, विमानातून विष लावलेली गाजरं टाकायची. सलग टाकली तरच उपयोग. मधली एक धार सोडली, तर उरलेल्या सगळ्या तिथे येऊन संसार थाटतील. आणि मधली धार आपली. बाबांनी ती दोघांच्या नावावर ठेवली, तेव्हा तुझा होकार पाहिजे.

रावीरीला हे पसंत नाही. विषाने मेलेली वॉलबी कुत्र्याने खाल्ली की कुत्राही जातो. भांडत नाही तो. नुसता टेकडी चढताना बोलायचा बंद झालाय, आणि तो बोलला नाही की मला धाप लागते.

‘हो’ एवढंच लिहून पाठव. सिरिलला माझा नमस्कार.

तुझा,
फर्गस

*

ह्यूऑन खोरं, टास्मानिया
२ एप्रिल १९६२

प्रिय फर्गस,

‘हो’ एवढंच लिहायचं होतं तर माणसाने तार करावी, पत्र कशाला?

तुझं पत्र वाचत होते तेव्हा माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे, खुंटीला अडकवलेल्या जुन्या स्वेटरमध्ये, बटण झोपलं होतं. बटण म्हणजे वॉलबीचं पिल्लू. सिरिलच्या ट्रकखाली त्याची आई गेली. सिरिल खाली उतरला, पोटाची पिशवी चाचपली आणि त्याला शर्टात घालून घरी घेऊन आला. चेहरा असा, जणू काही चोरीच केलीय. आता ते बाटलीने दूध पितं आणि माझ्या मागेमागे फिरतं. आधीची दोन जगली, मोठी होऊन रानात गेली. बाकीची नाही जगली.

सांगायचं काय, तर तुमच्या धारेवरच्या वॉलबींचं माहेर हे इथलं. त्या काही समुद्र पोहून तुमच्याकडे आल्या नाहीत. कुणा बड्या जमीनदाराला शिकारीची हौस आली म्हणून त्याने पिंजऱ्यात घालून नेल्या आणि सोडल्या. बोलावून आणलेल्या पाहुण्याला विष घालायचं का? आणि तेही आभाळातून, कोण मेलं ते बघायलाही न थांबता?

मी नाही म्हणत नाही. पण इतक्यात होही म्हणणार नाही. आधी मला नीट सांग.

आणि तुझ्या अक्षराला काय झालंय? एका पानावर जेमतेम दहा ओळी, त्याही उतारावर उधळलेल्या मेंढ्यांसारख्या. शाळेत बाईंनी तुझं अक्षर इतरांना दाखवायला भिंतीवर लावलं होतं ना?

तुझी,
एल्सी

*

कॉर्बी धार
२९ एप्रिल १९६२

एल्सी,

अक्षराचं म्हणशील तर गुडघ्यावर पाटी ठेवून लिहितो. टेबलावर घोड्याचं खोगीर पडलंय.

पाहुणा येऊन नव्वद वर्षं राहिला आणि यजमानाचं घर खाऊन बसला, तर त्याला पाहुणा म्हणत नाहीत. तुला नीट सांग म्हणतेस ना? ऐक.

शनिवारी पहाटे वर गेलो. दव इतकं की बूट चपचपत होते. रावीरीने कुत्रे खालच्या घळीत सोडले आणि आम्ही खडकाच्या आडोशाला बसलो, तो माझ्या डाव्या हाताला, थोडा लांब. थोड्या वेळाने काटेरी झुडुपांत फांद्या मोडायला लागल्या. वॉलबीला चाहूल लागली की ती मागचा पाय जमिनीवर आपटते, शेजारणींना सांगायला. धप्प! मग दुसरीचं धप्प, तिसरीचं. मग उड्या, आणि मागून कुत्र्यांचं हुंदडणं. मी उजवीकडच्या धप्पवर वळलो, बार काढला. पडली. रावीरी ओरडला, ‘म्हाताऱ्या, आमच्यासाठी ठेव की एखादी!’ दुपारपर्यंत दोघांच्या मिळून बऱ्याच झाल्या. त्याने कातडी सोलली, मी पाठीवर वाहून खाली आणली. सोमवारी वर गेलो तर पुन्हा तेच धप्प.

आता ‘हो’ लिही. हिवाळा आला.

फर्गस

*

ह्यूऑन खोरं
२० मे १९६२

फर्गस,

हे पत्र मी चार दिवस लिहू की नको करतेय.

माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचं, मॉलीचं पत्र आलं. वायमातेला बाजाराच्या दिवशी तू तिच्या अंगावरून गेलास आणि ओळख दाखवली नाहीस. मग दाण्याच्या दुकानाबाहेर एका खांबाला धडकलास आणि टोपी काढून त्या खांबाची माफी मागितलीस. लोक हसले. मॉली हसली नाही, म्हणून तिने मला लिहिलं.

आणि ते अक्षर.

आपण दोघांनी बाबांना पाहिलंय. आई गेल्यावर तेही गुडघ्यावर पाटी ठेवूनच लिहायचे आणि टेबलावर कायम काहीतरी पडलेलं असायचं. शेवटची दोन वर्षं त्यांना घोड्यावरून उतरवून कोण घ्यायचं? तूच ना? मार्गारेट वहिनी गेल्यापासून तू त्या घरात एकटा आहेस. मी काही लहान नाही. स्पष्ट विचारते, तू प्यायला लागलायस का? आणि तसल्या अवस्थेत हातात बंदूक घेऊन जातोस?

तसं असेल तर धार, गवत, वॉलबी सगळं राहू दे. आधी तुझं बघू.

एल्सी

*

कॉर्बी धार
३ जून १९६२

पीत नाही.

होकार नको. काही नको.

फर्गस

*

वायमाते
१ जुलै १९६२

एल्सीबाई,

मी रावीरी. मला पत्रं लिहायची सवय नाही. नायरी, माझी बायको, म्हणाली, ‘मी लिहिते, तू सांग.’ पण हे मलाच लिहिलं पाहिजे असं वाटलं. चुकलं तर माफ करा. पेअर चोरायचो त्याबद्दलही माफ करा.

तुमची आणखी दोन पत्रं आली आहेत. ती त्याच्या टेबलावर न फोडता पडली आहेत. रागावलाय खरा, पण तेवढंच कारण नाही. त्याला ती वाचताच येत नाहीत. आधीची पत्रं तो भिंग लावून एकेक शब्द करत वाचायचा.

तुम्ही दारूचं विचारलंत, ते त्याने चिडून मला सांगितलं. तो पीत नाही, बाई. त्याला दिसत नाही.

मला कळलं गेल्या वर्षी. आम्ही मेंढ्या गोळा करत होतो, आणि तो एका मेंढीला म्हणाला, ‘टग, इकडे ये.’ टग माझा कुत्रा. मेंढी काही आली नाही, म्हणून त्याने तिला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. मी हसलो. मग घरी आलो आणि हसू गेलं. तिमारूच्या डॉक्टरकडे तो एकटाच जाऊन आला होता. डॉक्टर म्हणाला, डोळ्याचा मधला भाग मरतोय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. औषध नाही. हे त्याने मला सांगितलेलं नाही. नायरीची बहीण तिथे झाडलोट करते, तिच्याकडून कळलं. मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नाही.

शनिवारी आम्ही अजून जातो. त्याने बंदूक उचलली की मीही उचलतो, आणि त्याच्या बाराबरोबरच माझा बार काढतो. एकच आवाज होईल असा. वॉलबी पडते, मी ओरडतो, ‘काय मारलीस, म्हाताऱ्या!’ तो खूश होतो. इतके महिने चाललंय. आता मला भीती वाटते. स्वतःची कमी. खालच्या वाटेने कधी कुणाची तरी बायको-पोरं येतात.

तुम्ही म्हणाल, सांगत का नाहीस? सांगतो. मी लढाईवरून, इटलीहून परत आलो तेव्हा मला झोप नव्हती. सगळे विचारायचे, तिकडे काय पाहिलंस. आई रडायची. फर्गसने काही विचारलं नाही. शनिवारी दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘चल वर.’ पुढच्या शनिवारी पुन्हा. दोन-तीन वर्षं तसाच येत राहिला. मला वर न्यायचा आणि काहीच बोलायचा नाही. त्या माणसाला मी कसं सांगू की उद्यापासून येऊ नकोस?

तुम्ही या. मी लिहिलं हे सांगू नका.

विषाचं तुम्ही माझ्याकडे बघून ठरवू नका. धारेकडे बघून ठरवा.

रावीरी

*

कॉर्बी धार
२९ जुलै १९६२

प्रिय सिरिल,

पोचले. मेलबर्नचं विमान हललं, क्राइस्टचर्चची बस त्याहून जास्त हलली, तरी धडधाकट आहे. बटणाला दूध कोमट करून देतोस ना? फार गरम नको.

फर्गस दारात उभा होता. मी जवळ गेले तसा तो माझ्या कानाकडे बघत म्हणाला, ‘जाड झालीस.’ मी म्हटलं, ‘कानाशी काय बोलतोस, मी इकडे आहे.’ तर म्हणाला, ‘तुझ्याकडे बघवत नाही म्हणून.’ आणि हसला. मग मीच त्याच्या गळ्यात पडले आणि दारूचं विचारलं त्याबद्दल माफी मागितली. ‘बाबांचा मुलगा आहे, संशय येणारच,’ म्हणाला. डोळ्यांचं मात्र अवाक्षर नाही. मीही रावीरीला शब्द दिलेला, गप्प बसले. जेवताना तो मिठाची बरणी चाचपडत राहिला आणि मी ती हळूच त्याच्या हाताकडे सरकवत राहिले. आमच्या घराण्यात असंच चालत आलंय.

काल शनिवार. मी म्हटलं, मीही येणार वर. रावीरी माझ्याकडे बघून म्हणाला, ‘बाई, बूट आहेत का?’ मी मार्गारेटचे घातले.

सिरिल, मी ही टेकडी बाराव्या वर्षी उघड्या पायांनी चढायचे तेव्हा गुडघाभर गवतातून वाट काढावी लागायची. आता उन्हाच्या अंगाला नुसती माती आहे. हिरवं असं काही नाही, फक्त काटेरी झुडुपं, आणि सगळीकडे लेंड्या. पाऊस झाला की ती माती ओढ्यात जाते. एक मेंढी मुळं उकरून खात होती. मी पाहुणे-बिहुणे म्हणून काय काय लिहिलं होतं, ते आठवून कसंतरी झालं.

आम्ही खडकाशी बसलो. मी आणि फर्गस शेजारी, रावीरी डावीकडे थोडा लांब. कुत्रे घळीत. मग ते धप्प ऐकू आलं. आपल्याकडे संध्याकाळी अंगणात ऐकतो तेच, अगदी तेच. फर्गसने बंदूक उचलली, रावीरीनेही उचलली. बार झाला आणि पन्नास पावलांवर एक वॉलबी कोलमडली.

पण मी फर्गसच्या नळीकडे बघत होते. ती खाली होती. आमच्यासमोरच, बांधाच्या मातीचा फवारा उडाला होता.

रावीरी ओरडला, ‘काय मारलीस, म्हाताऱ्या!’ आणि सोलायला खाली उतरला. फर्गस हळूच मला म्हणाला, ‘पाहिलंस ना?’

‘माती उडाली.’

‘उडणारच. मी मातीतच मारतो.’

तो म्हणाला, ‘एल्सी, डोळे गेलेत माझे. तुला कुणीतरी सांगितलंय, नाहीतर तू मिठाची बरणी सरकवली नसतीस. पण मी आंधळा होतोय, बहिरा नाही. दोन बंदुकांचा एक आवाज कधी होत नाही. कितीही साधला तरी मागे शेपूट राहतंच. मला पहिल्याच दिवशी कळलं.’

‘मग बंदूक आणतोस कशाला?’

‘नाही आणली तर तो म्हणेल, म्हातारा थकला, याला आता आराम द्यावा. घरी चहा प्यायला येईल, अर्धा तास खुर्चीत अवघडून बसेल आणि जाईल. मला तो खुर्चीतला रावीरी नकोय.’ मग म्हणाला, ‘आणि त्याचं इतकं छान जमलंय ते, मी कशाला मोडू? किती खूश होऊन ओरडतो बघ.’

सिरिल, मी हसले की रडले ते मला आता आठवत नाही.

पुढे जे झालं तेच सांगायला खरं तर हे पत्र लिहितेय. घळीतून एकदम डुक्कर उठलं. कुत्रे त्याच्यामागे, रावीरी कुत्र्यांमागे, सगळे ओढ्यापलीकडे गेले. जाताजाता त्याने उड्या मारत पळणाऱ्या वॉलबीवर एक गोळी झाडली होती, ती नीट लागली नाही. ती वॉलबी झुडुपांतून फरफटत आमच्या खालच्या खडकापर्यंत आली आणि तिथेच आडवी झाली.

फर्गस मान वाकडी करून ऐकत होता. ‘जिवंत आहे. कुठाय?’

‘खडकाशी. मागचे पाय गेलेत.’

त्याने बंदूक माझ्यापुढे धरली. ‘मी मारायला गेलो तर चुकेन, आणि तिचे आणखी हाल होतील. तुला दिसतंय.’

मी म्हटलं, ‘मला नाही जमणार.’

‘मलाही पहिल्यांदा नव्हतं जमलं.’ एवढंच बोलला. आग्रह केला नाही.

मी गेले. जवळ गेल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं, बटण दुधाच्या वेळी बघतं तसंच. सिरिल, मी मारली. बाबांनी शिकवलेलं हाताला आठवत होतं. मग तिची पिशवी हलताना दिसली. आत हात घातला. पिल्लू माझ्या बोटाएवढं, गुलाबी, केस न फुटलेलं, डोळे बंद. तुला माहीत आहे, असं एकही आपण जगवू शकलो नाही. तू रात्र रात्र शेगडीशी बसलास तरी नाही. मी फर्गसला सांगितलं. तो म्हणाला, ‘दे इकडे.’ मी म्हटलं, ‘नको. मीच.’

नंतर आम्ही दोघं बराच वेळ तिथेच बसलो. तो काही बोलला नाही. लढाईनंतर रावीरीला त्याच्या सोबतीने बरं का वाटलं असेल, ते मला तिथे कळलं.

संध्याकाळी रावीरीच्या घरी डुकराचं मांस आणि रताळी होती. मी जेवतानाच सांगितलं की माझा होकार आहे. रावीरी घास चावत राहिला. मग म्हणाला, ‘कुत्रे नायरीच्या मामाकडे समुद्रावर नेऊन ठेवतो. उन्हाळा लागेपर्यंत.’

‘राग आला?’ मी विचारलं.

‘आला. पण तुम्ही वर चढून बघितलंत आणि मग हो म्हणालात. खाली बसून म्हणाला असतात तर जेवण दिलं नसतं.’ आणि माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.

पुढच्या बुधवारी निघते. दोघांची गुपितं माझ्या पोटात आहेत आणि दोघंही एकमेकांकडे न बघता माझ्याकडे बघतात. मी कुणाचं कुणाला सांगणार नाही. फर्गसला तेवढं म्हटलं, ‘मी गेल्यावर तूच सांग त्याला.’ तर म्हणतो, ‘बघू.’ बघू म्हणे!

मी आले की बटणाला आधी मी घेणार. त्याच्याकडे मला कसं बघता येईल कोण जाणे.

तुझी,
एल्सी

*

कॉर्बी धार
२१ ऑक्टोबर १९६२

प्रिय एल्सी,

हे अक्षर माझं नाही, तेव्हा वाचता येईल. मी बोलतोय, रावीरी लिहितोय. शुद्धलेखनाच्या चुका त्याच्या.

(त्या ह्याला कुठे दिसणार आहेत. – रावीरी)

तुझी सगळी पत्रं नायरीने वाचून दाखवली. ज्या पत्रात तू मला दारुडा म्हणालीस ते तिने दोनदा वाचलं, आवाज चढवून.

तू गेल्यावर तीन शनिवार मी बंदूक घेऊनच गेलो. चौथ्या शनिवारी रावीरी दारात आला तेव्हा मी फक्त काठी घेतली. तो म्हणाला, ‘बंदूक?’

‘घरी.’

‘मग मारणार काय?’

‘इतके दिवस तू मारतोस तेच.’

तो उंबऱ्यावर बसला. बराच वेळ काही बोलेना. मला वाटलं उठून गेला की काय, तर म्हणाला, ‘कधीपासून ठाऊक आहे?’

‘पहिल्या बारापासून.’

‘आणि इतके महिने मातीत गोळ्या घालत होतास? कशासाठी?’

‘तुला वाईट वाटू नये म्हणून.’

मग जे हसला! नायरी म्हणते, खालच्या वळणापर्यंत ऐकू आलं.

(हसून झाल्यावर मी त्याला भरपूर शिव्या दिल्या. ते तो लिहायला सांगत नाहीये. – रावीरी)

आता व्यवस्था अशी. तो बंदूक घेतो, मी कान. धप्प झालं की मी हात दाखवतो, तो बघतो. झुडुपात दडलेली त्याला दिसत नाही, पण मला ऐकू येते.

गाजरं ऑगस्टच्या शेवटी पडली. विमान इतकं खालून गेलं की कोंबड्या पळाल्या. नंतर पंधरा दिवस धारेवर कसलाच आवाज नव्हता. मी रोज दारात बसून ऐकायचो. शांतता हवी होती ना, ती मिळाली, आणि ती ऐकवेना. वॉलबी संपल्या नाहीत. संपायच्याही नाहीत. परवाच ओढ्यापलीकडे एक धप्प ऐकलं. पण आता आमच्या आटोक्यातल्या आहेत. मेंढ्या यंदा बऱ्या आहेत, कोकरंही जगली.

(हे पुढचं लिहू नको असं तो म्हणतोय. पण बाई, आता आपण तिघांनी एकमेकांपासून लपवायचं नाही असं मी ठरवलंय. टग गेला. मामाकडे दोरी चावून सुटला आणि सगळं अंतर पळून घरी आला. मला सकाळी दारात दिसला तेव्हा मी त्याला खायला घातलं, थोपटलं. त्याआधीच तो धारेवरून आला होता. दुपारी गेला. मी त्याला खडकाशी पुरला. तुम्ही हो म्हणालात म्हणून गेला, असं मी म्हणणार नाही. नाही म्हणाला असतात तर धार गेली असती. पण तुम्हाला ठाऊक असावं असं वाटलं. कुत्रा चांगला होता. – रावीरी)

काय लिहिलंस ते मला वाचून दाखव, असं रावीरीला म्हटलं, तर दाखवलं. असो. लिहिलंस ते बरं केलंस, असं मी त्याला सांगितलं.

काल संध्याकाळी आम्ही दोघं खडकाशी बसलो होतो. बंदूक नव्हती, नुसतेच गेलो होतो. रावीरी सांगायला लागला, उन्हाच्या अंगाला गवत फुटलंय, बारीक बारीक. मला पटेना. मी धारेकडे तोंड करून बघितलं, तर समोर नेहमीचाच राखाडी डाग. मग त्याला काहीतरी विचारायला मी त्याच्याकडे तोंड केलं. आणि एल्सी, डोळ्याच्या कडेला धार आली. सबंध. पायथ्यापासून वरपर्यंत. हिरवी होती गं.

तो म्हणाला, ‘माझ्याकडे काय टक लावून बघतोस?’

मी म्हटलं, ‘तुझ्याकडे कोण बघतंय? हलू नकोस.’

(मी ऊन जाईपर्यंत तसाच बसून राहिलो. मान अवघडली. – रावीरी)

तुझा,
फर्गस